दार कोण उघडते?

शास्त्रवाचन : उत्पत्ति २५:२७-२८, २७:५-१३, अनुवाद ६:६-७, होशेय ११:१-४

धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेस आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतात. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. घरातील पुरुष मागावर बारा-बारा तासांची पाळी करतो, कधी दिवसाची, कधी रात्रीची. तो घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात, आणि मुले उठतात तेव्हा तो झोपलेला असतो. अशा घरात बाप आपल्याच लेकरांना परका होऊ लागतो. याचा दोष आपण गिरणीला, पाळीला व शहराला देतो, आणि तो बराचसा खराही आहे. परंतु सुट्टीच्या दिवशी काय होते?

बाप बाळाला भरवायला बसतो. दोन घास खाली सांडतात. लगेच आई म्हणते, “अहो, द्या इकडे! तुम्हाला नाही जमायचं.” बाप वाटी देऊन टाकतो. पुढच्या खेपेस तो वाटी हाती घेतच नाही. तीच आई दुसऱ्या दिवशी, “यांना घरचं काही पडलेलंच नाही,” असे म्हणते. दोघांचेही बोलणे मनापासूनचे असते, पण नुकसान लेकराचे होते.

१. याचे मोजमाप करता येते काय?

अभ्यासकांनी तसा प्रयत्न केला आहे. मुलापर्यंत जाण्याच्या दारावर आई उभी असते. ती दार उघडू शकते, तसेच लोटूही शकते, असे ते म्हणतात. अमेरिकेत ॲलन व हॉकिन्स यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पतिपत्नी दोघेही कमावती असलेल्या घरांतील ६२२ मातांची त्यांनी पाहणी केली. त्यांपैकी शेकडा २१ माता दार अडवून धरणाऱ्या आढळल्या. घरकाम माझ्याच पद्धतीने झाले पाहिजे, चांगली आई म्हणून माझी ओळख त्यावरच आहे, आणि हे काम मुळात बायकांचेच, अशा त्यांच्या समजुती होत्या. मिळून काम करणाऱ्या मातांपेक्षा या मातांना आठवड्याला सुमारे ५ तास अधिक राबावे लागत होते. म्हणजे दार अडवणारीच अधिक थकत होती!

पुढे २००८ साली शॉपे-सलिवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ही बाळे असलेल्या ९७ जोडप्यांचा अभ्यास केला. आईवडिलांना प्रश्न विचारले, आणि ते बाळासोबत कसे वागतात हेही पाहिले. आईचे उत्तेजन जेथे अधिक, तेथे बापाचा सहभाग अधिक, असे दिसून आले. पुलमन व पॅसली यांनी २०१३ मध्ये यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात असे मांडले : आई किती ताबा ठेवते, किती उत्तेजन देते, आणि किती नाउमेद करते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असे नव्हे. बाप अंग काढून घेतो म्हणूनही आई सारे आपल्या हाती घेते. म्हणून हे माप पत्नीला दोष देण्यासाठी पतीने वापरू नये.

२. शास्त्र काय दाखवते?

रिबकेचे याकोबावर प्रेम होते, यात शंका नाही. परंतु तिने इसहाक व मुलगा यांच्यामध्ये उभे राहून, पतीला अंधारात ठेवून, मुलाचे हित साधू पाहिले. आशीर्वाद मिळाला, पण घर फुटले. याकोबाला पळून जावे लागले, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

उलट होशेयाच्या ११ व्या अध्यायात देव स्वतःला कसा दाखवतो? लहानग्याला चालायला शिकवणारा, त्याला हातांवर घेणारा, वाकून भरवणारा. ज्या कामांना आपण बायकांची कामे म्हणतो, ती आपल्या स्वर्गीय पित्याने स्वतःची म्हणून सांगितली आहेत. मग ती करताना ख्रिस्ती बापाने लाजावे कशाला? अनुवादातील आज्ञाही घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता पाळायची आहे. पाळी संपवून आलेल्या बापाजवळ निजताना व उठतानाची ती थोडी वेळ तरी असतेच.

३. आपण काय करावे?

मातांनो, घास सांडू द्या. बाळाची वेणी वाकडी झाली तरी चालेल. मुलांना “पप्पांना येऊ दे, मग बघ!” असा धाक घालू नका. त्याने बाप घरातला शिपाई होतो. पित्यांनो, कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. एक काम आपले म्हणून घ्या, व एकदा चुकले म्हणून सोडू नका.

पण जेथे बाप दारू पिऊन येतो, मारहाण करतो, तेथे लेकराच्या रक्षणासाठी दार लावणारी आई चुकत नाही. तिला उपदेश नको, मंडळीचा आधार हवा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपणही नकळत दार लोटतो. निरोप आईलाच, सभा आईचीच. या महिन्यात पाठांतराचे वचन मुलांनी पप्पांना म्हणून दाखवावे, असे सांगून पाहा.

चर्चेसाठी प्रश्न

(पतिपत्नींनी उत्तरे वेगवेगळी लिहावीत, मग एकमेकांना दाखवावीत. जेथे उत्तरे जुळत नाहीत, तेथूनच बोलण्यास आरंभ करावा.)

१. गेल्या आठवड्यात बापाने मुलांसाठी कोणते काम एकट्याने केले?
२. त्या वेळी आई काय म्हणाली? शाबासकी, सूचना, की टोमणा?
३. मूल रात्री घाबरून उठले तर कोणाला हाक मारते? दुसऱ्यालाही मारावी यासाठी काय करता येईल?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या घरांची दारे आतून उघड. मातांचा भार हलका कर, पित्यांचे हात धीट कर, आणि आमची लेकरे दोघांच्याही कुशीत वाढू दे. आमेन.