पडद्याचा ताबा

(गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला एक जुना संगणक मिळाला आहे. बटण दाबलं की पुस्तकांची यादी थेट समोर यावी, एवढीच समितीची अपेक्षा. हे काम अंगावर घेतलेली भाची आणि सर्व्हर सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेलेली तिची मावशी यांच्यातलं हे बोलणं.)

भाची : मावशी, डेबियन टाकून झालं. मशीन जुनं म्हणून डेस्कटॉप मुद्दामच घेतला नाही. आता काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन येतंय. मी म्हणते, यादी तिथंच दाखवली तर? ग्राफिक्सची भानगडच नको.

मावशी : पुस्तकं इंग्रजी असती तर चाललं असतं. लिनक्सच्या त्या काळ्या कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती माहीत असतात, आणि प्रत्येक आकृती आपापल्या चौकोनात बसते. जोडाक्षर जुळवणं किंवा पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणं त्याला जमत नाही. देवनागरीत लिहिलेली एखादी फाइल तिथं उघडून बघ, चौकटीच चौकटी दिसतील. मराठी यादी दाखवायची तर ग्राफिक्स हवंच.

भाची : ठीक आहे, एक्स सर्व्हर टाकते. पण सर्व्हर म्हटलं की मला कुठंतरी लांब असलेलं मशीन आठवतं. इथं तर सगळं एकाच टेबलावर आहे.

मावशी : इथं पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांची सेवा पुरवणारा तो सर्व्हर. यादी दाखवणारा ब्राउझर त्याचं गिऱ्हाईक : 'मला एवढी खिडकी काढून दे', असं तो एक्सला सांगतो. ही पद्धत १९८४ मध्ये एमआयटीत, अथेना प्रकल्पाच्या काळात, बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी सुरू केली. अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि आज आपण एक्स म्हणतो ती तीच.

भाची : आणि हा सर्व्हर सुरू कुठं करायचा? एका जुन्या पुस्तकात होतं की ग्राफिक्स नेहमी सातव्या कन्सोलवर असतं. म्हणून मी टीटीवाय१ वर, म्हणजे पहिल्या कन्सोलवर, लॉगिन केलं आणि एक्स सुरू करणाऱ्या स्टार्टएक्स आज्ञेला व्हीटी७ असं सांगितलं. तर म्हणे, आभासी कन्सोल ७ उघडता येत नाही, परवानगी नाही.

मावशी : पुस्तक त्याच्या काळापुरतं बरोबर होतं. आधी मला सांग, मशीनला पडदे किती?

भाची : एकच.

मावशी : आणि कन्सोल?

भाची : कंट्रोल-ऑल्टसोबत एफ१, एफ२ असं दाबलं की बदलतात. सहा असतील.

मावशी : कर्नल ६३ पर्यंत देऊ शकतं. नाट्यगृहाचं असतं तसं समज : रंगमंच एकच, नाटक मंडळ्या बऱ्याच. ज्या मंडळीचा प्रयोग चालू, तिचं नेपथ्य समोर. बाकीच्या विंगेत उभ्या. कुणी पुढं यायचं ते व्यवस्थापक ठरवतो, म्हणजे आपलं कर्नल. एक्स सर्व्हर हीसुद्धा त्यातली एक मंडळी. तिला वेगळं थिएटर मिळत नाही, कुठल्यातरी एका कन्सोलच्या नावावरच रंगमंचावर यावं लागतं.

भाची : मग सातचा आकडा कुठून आला?

मावशी : पूर्वी मशीन सुरू होतानाच पहिल्या सहा कन्सोलवर गेटी बसवलेली असायची. गेटी म्हणजे लॉगिन विचारणारा छोटा प्रोग्राम. एक्सला कुणी नंबर दिला नाही तर तो कर्नलला पहिला मोकळा कन्सोल विचारून घ्यायचा. सहा भरलेले, म्हणून सातवा. नियम वगैरे काही नव्हता, पण लोकांच्या बोटांना कंट्रोल-ऑल्ट-एफ७ ची सवय लागली ती लागलीच.

भाची : आता सहा भरलेले नसतात?

मावशी : नाही. आता सिस्टीमडीमधलं लॉगिनडी ते बघतं. तू ज्या कन्सोलवर जाशील तिथं ते त्या वेळेला गेटी उभी करतं. सहावा मात्र कायम राखीव, म्हणजे बाकी सगळे अडले तरी लॉगिनला एक जागा उरते.

भाची : आणि मला परवानगी का नाकारली?

मावशी : पूर्वी एक्स सर्व्हर रूटच्या अधिकारात चालायचा, त्यामुळं कुठलाही कन्सोल उघडायला त्याला मोकळं रान होतं. एवढा मोठा प्रोग्राम रूट म्हणून चालवणं धोक्याचं, म्हणून २०१४ च्या १.१६ या आवृत्तीपासून लॉगिनडीच्या मदतीनं तो साध्या वापरकर्त्याच्या अधिकारातही चालू शकतो. तू टीटीवाय१ वर लॉगिन केलंस, तेव्हा तो कन्सोल तुझ्या मालकीचा झाला. टीटीवाय७ तुझा नाही, मग तो उघडणार कसा? आता स्टार्टएक्सला नंबर देऊच नकोस. लिनक्सवर ते तू ज्या कन्सोलवर असशील तिथंच एक्स उभा करतं.

भाची : (टाइप करत) नुसतं स्टार्टएक्स... आलं की! पण रूट नाही, तर ग्राफिक्स कार्डाला हात कसा लावला?

मावशी : कार्डाची आणि कीबोर्ड-माऊसची दारं लॉगिनडी उघडून देतं, आणि तुझा कन्सोल समोर असेल तोवरच. शिवाय पडद्याचं रिझोल्यूशन ठरवणं पूर्वी एक्स स्वतः करायचा, ते काम आता कर्नलकडं आहे. इंटेलच्या कार्डांसाठी ही सोय २००९ मध्ये, २.६.२९ या कर्नलमध्ये आली. फारच जुन्या कार्डाला कर्नलचा असा ड्रायव्हर नसेल, तर मात्र एक्सला रूट द्यावंच लागतं. तुझं सुरू झालं, म्हणजे ती अडचण नाही.

भाची : आता मी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबते. गेलं. एफ१, आलं परत. हे कर्नलच करतंय ना?

मावशी : अर्धंच. इथं नीट लक्ष दे, पुढं रात्रीबेरात्री उपयोगी पडेल. साध्या कन्सोलवर कळा कर्नल स्वतः वाचतं. तिथं नुसतं ऑल्ट-एफ३ पुरतं, कंट्रोलची गरज नाही. ग्राफिक्स सुरू झालं की त्या कन्सोलवरचं कर्नलचं कळा वाचणं बंद केलं जातं, नाहीतर तू ब्राउझरमध्ये लिहिलेलं सगळं मागच्या शेलमध्येही उमटलं असतं. तेव्हा तुझं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ एक्सला ऐकू येतं आणि 'तिसरा कन्सोल आणा' अशी विनंती एक्स पुढं पाठवतो.

भाची : म्हणजे एक्सच गोठला तर?

मावशी : तर विनंती करणारंच कुणी नाही. लोक म्हणतात, मशीन बंद पडलं. पुष्कळदा मशीन धडधाकट असतं, कळ ऐकणारा तेवढा बेशुद्ध असतो. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं आत शीर आणि एक्स मार, काम झालं. तेही नसेल तर ऑल्ट, सिस्‌आरक्यू आणि आर. बहुतेक कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनची कळ म्हणजेच सिस्‌आरक्यू. हे त्रिकूट थेट कर्नलला ऐकू येतं आणि कीबोर्ड एक्सच्या हातून काढून कर्नलकडं देतं. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ६ दाबून बघायचं. मात्र कुठल्या डिस्ट्रोत सिस्‌आरक्यूची कुठली कामं चालू ठेवलीत, हे आधी तपासून ठेव.

भाची : लिहून घेते. आता मुख्य काम. वाचनालयात लॉगिन कोण करणार? मशीन लावलं की यादी दिसली पाहिजे.

मावशी : तीन टप्पे. एक, 'वाचक' नावाचा वेगळा वापरकर्ता कर, त्याला सुडोचे अधिकार देऊ नकोस. दोन, टीटीवाय१ च्या गेटीला ऑटोलॉगिनचा पर्याय देऊन 'वाचक'चं नाव सांग. सिस्टीमडीची मूळ फाइल खोडू नकोस, सिस्टीमसीटीएलच्या एडिट आज्ञेनं वरून पुरवणी जोड. त्या पुरवणीत एक्झेकस्टार्टची आधी एक रिकामी ओळ हवी, मग तुझी. रिकाम्या ओळीनं जुनी आज्ञा पुसली जाते; ती विसरलीस तर दोन आज्ञा झाल्या म्हणून सिस्टीमडी अडून बसतं.

भाची : आणि तिसरा?

मावशी : 'वाचक'च्या डॉट-प्रोफाइल फाइलमध्ये अट घाल : कन्सोलचा नंबर सांगणाऱ्या एक्सडीजी-व्हीटीएनआर या चलात १ असेल आणि डिस्प्ले हे चल रिकामं असेल, तरच एक्झेक स्टार्टएक्स.

भाची : एक्झेक कशाला? नुसतं स्टार्टएक्स लिहिलं तरी चालतंय की.

मावशी : चालतं, पण मागं शेल जिवंत राहतो. एक्स कोसळला की 'वाचक'चा शेल उघडाच समोर येतो, आणि पुढ्यात शाळेतली पोरं उभी. जुन्या पद्धतीत तर याहून गंमत होती. टीटीवाय१ वर स्टार्टएक्स दिलं आणि ग्राफिक्स टीटीवाय७ वर गेलं, की कुणीही टीटीवाय१ वर येऊन कंट्रोल-झेड दाबायचा आणि शेल हातात! सातव्यावर स्क्रीन लॉक लावलेलं असून उपयोग काय? एक्झेकमुळं शेलच्या जागी स्टार्टएक्स येतं. ते संपलं की लॉगिन संपलं, गेटी परत उठते, परत ऑटोलॉगिन, परत यादी. देखरेखीला वेगळा प्रोग्राम लागत नाही.

भाची : वा! मग स्टार्टएक्स वाचतं त्या डॉट-एक्सइनिटआरसी फाइलमध्ये ब्राउझर.

मावशी : आधी एक्ससेट वापरून पडदा आपोआप काळा होणं बंद कर, मग एखादा छोटा विंडो मॅनेजर, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा एक्झेक लावून किऑस्क मोडमधला ब्राउझर. कुणी ब्राउझर बंद केला, की एक्सही संपतो आणि चक्र पहिल्यापासून फिरतं.

भाची : पण त्या डॉट-एक्सइनिटआरसीत माझंच काही चुकलं तर हेच चक्र फिरत बसेल.

मावशी : बसेलच. पडदा लुकलुकत राहील, नाहीतर इतक्या वेळा उठून मरणारी गेटी बघून सिस्टीमडी तिला बंद करून टाकेल. म्हणून तर ती अट घातली. टीटीवाय६ वर लॉगिन केलंस तर व्हीटीएनआर ६ असतो, एक्सच्या वाटेला कुणी जात नाही. तिथं साधा शेल मिळतो आणि फाइल दुरुस्त करता येते.

भाची : पोरं कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबतील त्याचं काय? एक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये डोन्टव्हीटीस्विच नावाचा पर्याय दिसला. लावून टाकू?

मावशी : लावलास तर एक्स त्या कळांची विनंती पुढं पाठवणारच नाही. पोरं अडतील, आणि तूही अडशील. वाचनालयात एसएसएचनं पोचायची सोय आहे का?

भाची : सध्या नेटवर्कची तार फक्त कार्यालयापर्यंत आहे.

मावशी : मग नको लावू. दुसऱ्या कन्सोलवर गेलं तरी तिथं पासवर्डच विचारला जातो. 'वाचक'ला पासवर्ड देऊच नकोस आणि तुझा चांगला लांब ठेव. तार आली की हा पर्याय लावायचा विचार करू.

भाची : आणि उद्या एक्स जाऊन वेलँड आलं तर हे सगळं वाया?

मावशी : स्टार्टएक्स आणि एक्सइनिटआरसी जातील, त्यांच्या जागी कंपोझिटरचं नाव येईल. वेलँड २००८ मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी सुरू केलं. त्यात चित्र काढण्याची पद्धत बदलली. पण पडदा अजून एकच आहे ना? कंपोझिटरलाही कन्सोल लागतो, लॉगिनडीकडून दारं उघडून घ्यावी लागतात आणि बोलावणं आलं की बाजूला व्हावं लागतं. ऑटोलॉगिन, अट आणि एक्झेक जसेच्या तसे राहतील.

भाची : मग आज रात्री लावते आणि उद्या सकाळी समितीला दाखवते.

मावशी : समितीच्या आधी स्वतःला दाखव. टीटीवाय६ वर जा, लॉगिन कर, तिथून सुडो लावून एक्सला पीकिल दे. मग एफ१ वर ये. यादी आपोआप उभी असली पाहिजे. नंतर डॉट-एक्सइनिटआरसीत मुद्दाम एक चूक कर, मशीन रीस्टार्ट कर, आणि सहाव्या कन्सोलवरून ती चूक काढून दाखव. हे दोन्ही जमलं की कर बिनधास्त उद्घाटन. नारळ मात्र सीपीयूवर फोडू देऊ नकोस कुणाला.