नवा लॅपटॉप

नवी वस्तू घरात आली की सारे घर तिच्याभोवती गोळा होते. गेल्या महिन्यात आमच्या घरीही तसेच झाले. दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून मी एक लॅपटॉप घेतला. प्रश्नपत्रिका आणि पाठांची टिपणे तयार करण्यासाठी मला तो हवा होता.

खोके उघडले आणि माझ्या मुलीचा चेहरा उतरला. "अब्बू, हा तर अगदी साधा आहे! नुसता काळा!" ती म्हणाली. तिचे काय चुकले? त्याच किमतीत दुकानात चकचकीत, चंदेरी लॅपटॉप होते. मी मात्र कार्यालयीन कामासाठी बनवलेला लॅपटॉप निवडला होता. खरे सांगायचे तर, क्षणभर माझेही मन खट्टू झाले.

या साधेपणामागे एक इतिहास आहे. १९८१ साली अमेरिकेत 'ऑसबोर्न-१' नावाचा संगणक विक्रीला आला. तो उचलून नेता येई, पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा! पुढच्याच वर्षी 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉग्रिज यांनी त्याचा पडदा कळफलकावर झाकणासारखा मिटेल असा केला. आजचे लॅपटॉप तसेच मिटतात. १९९२ साली 'थिंकपॅड' बाजारात आला. रिचर्ड सॅपर यांनी त्याला काळ्या डब्याचे रूप दिले. बाहेरून साधा, उघडल्यावर आत सारे जागच्या जागी! कामाच्या लॅपटॉपांत हा साधेपणा पुढे रुजला.

आता माझ्या लॅपटॉपकडे वळू. मी आधी कळफलक तपासला. प्रत्येक कळ मध्यभागी किंचित खोलगट आहे, त्यामुळे बोट घसरत नाही. कळ दाबली गेली की नाही, हे न पाहताही कळते. पडद्याला चकाकी नाही, म्हणून त्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत नाही. झाकणाची बिजागरी घट्ट आहे. कॅमेऱ्यावर एक इवलेसे सरकते झाकण आहे. काम नसेल तेव्हा ते लावून ठेवता येते. तळाचे स्क्रू काढले की बॅटरी बदलता येते. म्हणजे बॅटरी थकली तरी लॅपटॉप टाकून द्यावा लागणार नाही.

उणिवाही आहेत. आवाज बारीक आहे. चित्रांचे रंग थोडे फिके दिसतात. सिनेमा पाहायचा असेल, तर हा लॅपटॉप कुणी घेऊ नये.

आमच्या घरात आणखी एक परीक्षक आहेत, ते म्हणजे माझे अब्बा. ते तरुणपणी मुंबईच्या एका उर्दू छापखान्यात कातिब होते. बोरूच्या लेखणीने ते पानेच्या पाने लिहीत. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांची 'नूरी नस्तालीक' अक्षरे यंत्रावर आली. १९९४ साली भारतात 'इनपेज' आले. संगणकावर उर्दू मजकूर झरझर जुळू लागला आणि कातिबांचे काम कमी कमी होत गेले. अब्बांनीही लेखणी बाजूला ठेवली व छोटे दुकान टाकले. त्यानंतर त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता.

"अब्बा, काहीतरी लिहा ना," मी म्हणालो. त्यांनी चष्मा लावला. एका बोटाने शोधत शोधत त्यांनी तीन कळा दाबल्या. पडद्यावर उजवीकडून डावीकडे शब्द उमटला : 'कलम'. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मीमची शेपटी जरा आखूड आहे. पण ओळ सरळ आहे."

मी दोन कळा दाबून भाषा बदलली. आता मराठीत, डावीकडून उजवीकडे, तोच शब्द लिहिला : 'कलम'. मराठीत आंब्याचे कलम असते, कायद्याचे कलम असते. जुन्या मराठीत लेखणीलाही कलमच म्हणत. एकाच कळफलकावर तुमच्या दोन्ही भाषा नांदतात, हे पाहून मला फार आनंद झाला.

रात्री मी उर्दूची एक सूचना तासाभरात तयार केली. अब्बांनी ती वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवले. 'गुज़ारिश' या शब्दात 'ज़े'च्या जागी मी 'ज़ाल' लिहिला होता. ते म्हणाले, "बेटा, आमच्या वेळी एक चूक झाली की सारे पान पुन्हा लिहावे लागे. म्हणून आम्ही लिहिण्याआधी विचार करत होतो. तुझे यंत्र चूक लगेच पुसते. पण चूक शोधायची कोणी?"

आता महिना झाला. मुलीला तो लॅपटॉप अजूनही काळाच दिसतो. पण गृहपाठ लिहायला ती तोच मागते. आणि मी? कोणताही कागद बाहेर पाठवण्याआधी मी तो अब्बांच्या हाती देतो.

मुलांनो, नव्या वस्तूबद्दल पहिल्या दिवशी तुमचे जे मत होते, ते लिहून ठेवा. महिनाभर तिच्यावर काम करा आणि मग ते पुन्हा वाचा. वस्तूची खरी ओळख कामातूनच होते.

शब्दार्थ
खट्टू होणे – नाराज होणे
कळफलक – अक्षरांच्या कळांची पाटी
बिजागरी – झाकण किंवा दार ज्यावर फिरते तो सांधा
उणीव – कमतरता
नांदणे – सुखाने एकत्र राहणे

स्वाध्याय
१. लॅपटॉप पाहून मुलीचा चेहरा का उतरला?
२. लेखकाला लॅपटॉपमध्ये कोणते गुण व कोणत्या उणिवा दिसल्या?
३. कातिबांचे काम कमी का झाले?
४. 'पण चूक शोधायची कोणी?' असे अब्बा का म्हणाले?
५. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा व त्यांचे अर्थ लिहा.