मोडका मावळा दुरुस्त करू या : दिवाळीच्या किल्ल्यातून एक पाठ



दिवाळी संपली की किल्ल्यावरचे मावळे जातात कुठे? काही खोक्यात, काही माळ्यावर आणि बरेचसे उकिरड्यावर. पुढच्या वर्षी बाजारातून नवा संच येतो. यंदा असं करू नका. हात तुटलेले, भाला हरवलेले, रंग उडालेले जुने मावळे मुलांना घरून आणायला सांगा. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ पुस्तकाला जोडून घेण्यासारखा हा उत्तम उपक्रम आहे.

नवा मावळा मुलं नुसता ठेवून देतात. मोडक्या मावळ्याबद्दल मात्र प्रश्न विचारावे लागतात. या तुटलेल्या हातात काय असेल? ढाल, तलवार, भाला की तोड्याची बंदूक? खांदा वर असेल तर भाला असेल का? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं पाहायला मिळतात. सहल तिकडे गेली तर हाच प्रश्न सोबत न्या.

आधी पाहणी : मावळा कशाचा आहे ते बघा. तळाला, रंग नसलेल्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. कच्ची माती लगेच मऊ पडते. असा मावळा धुऊ नका, कोरड्या ब्रशने झटका. प्लास्टर ऑफ पॅरिसचा असेल तर ओलसर फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो मुलांना खरवडायला देऊ नका. त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

दुरुस्ती : फेविकॉलमध्ये खडूचा बारीक चुरा कालवला की भेगा बुजवायला छान लांबी तयार होते. तुटलेल्या हातासाठी आत बारीक तार घालून वरून हीच लांबी चढवा. भाल्याला अगरबत्तीची जळून उरलेली काडी पुरते. एक दिवस वाळू द्या, मग पॉलिश पेपरने हलकेच घासा.

रंगकाम : आधी सगळीकडे पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्या. नंतर त्वचा, मग अंगरखा, मुंडासं, शेला आणि शस्त्र. डोळे सर्वात शेवटी. मावळ्यांना आजच्या सैन्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळे सगळ्यांना एकच रंग देऊ नका. प्रत्येक मुलाने आपल्या मावळ्याचं गाव ठरवावं : पवन मावळ, नाणे मावळ की अंदर मावळ? पावसाळ्यात हाच माणूस शेतात राबायचा आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघायचा, हे इथे सांगा. आपल्या आजोबांसारखा चेहरा रंगवला तरी बिघडत नाही. तो त्यांच्याच मुलखातला माणूस आहे.

गणिताची जोड : मावळा 3 इंचांचा आणि माणूस साडेपाच फुटांचा, म्हणजे प्रमाण 1:22. मग 11 फुटी दरवाजा किती उंच हवा? 6 इंच. लोहगड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,033 मीटर उंच आहे. तेवढी उंची या मापाने दाखवायला जवळपास 47 मीटर मातीचा ढीग लागेल! मुलं हसतील, पण किल्ल्याचं आणि माणसाचं माप वेगळं का घेतो ते त्यांना कळेल.

मांडणी : दहाच मावळे दुरुस्त झाले तरी चालतील. उंबरखिंड मांडा. 2 फेब्रुवारी 1661 रोजी कारतलबखानाचं मोठं सैन्य लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटातून कोकणात उतरत होतं. खाली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी. महाराजांनी ते तिथेच कोंडीत पकडलं आणि खानाला शरण यावं लागलं. वाळूत खिंड करून दहा मावळे झाडीत ठेवा. थोडे लोक कसे पुरले, हे मुलं तुम्हालाच समजावून सांगतील.

जुलै 2025 मध्ये आपला लोहगड इतर अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. वारसा जपायचा म्हणजे काय, हे चौथीच्या मुलाला भाषणातून समजत नाही. पण ज्याने स्वतः मोडका हात जोडला, ते मूल गडावरच्या भिंतीवर नाव कोरताना नक्की थबकेल. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन तास काढा आणि करून बघा.