सेक्वेन्तिया : स्वरावलीतून घडलेली प्रार्थना

मध्ययुगीन युरोपातील लॅटिन उपासनागानाचा विचार करताना ‘स्वर हा शब्दाचा सेवक’ हे सूत्र सामान्यतः गृहीत धरले जाते. स्तोत्रपठणात एकाच स्वरावर अनेक अक्षरे उच्चारली जातात. तेथे ते यथार्थ आहे. परंतु ‘सेक्वेन्तिया’ या रचनाप्रकाराचा उगम पाहता ते अपुरे ठरते.

मिस्साविधीत शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी ‘आलेलुया’ गायले जाई व त्याच्या अंत्य ‘आ’कारावर दीर्घ आलापी होई. येथे शब्द थांबतो. उपासना थांबत नाही. संत ऑगस्टीन (354–430) यांनी स्तोत्रभाष्यात अशा शब्दातीत हर्षोद्गाराची महती सांगितली. मात्र ‘कन्फेशन्स’मध्ये, आशयापेक्षा गायनानेच मन अधिक हेलावले तर तो आपला अपराध होय, असेही नोंदविले. पुढील इतिहासात हाच ताण वारंवार प्रकट होतो.

सेंट गालन मठातील नोटकर (मृत्यू 912) यांनी आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत एक व्यावहारिक अडचण सांगितली आहे : तरुणपणी या दीर्घ स्वरावली स्मरणात राहत नसत. नॉर्मनांनी उद्ध्वस्त केलेल्या झ्युमिएज मठातून आलेल्या एका धर्मगुरूच्या ग्रंथात अशा स्वरावलींना शब्द जोडलेले त्यांना आढळले. त्या धर्तीवर त्यांनी रचना केली. प्रत्येक स्वराला एक अक्षर असावे, ही सूचना त्यांचे गुरू इसो यांची. एकच स्वरावली लागोपाठ दोन चरणांना योजिली जात असल्याने जोडीतील चरणांची अक्षरसंख्या सारखी राहते. जोड्यांची लांबी मात्र भिन्न असते. हे गद्यसदृश रूप कवीच्या लहरीतून नव्हे, तर स्वरावलीच्या बंधनातून आले आहे. बाराव्या शतकात पॅरिसमधील सेंट व्हिक्टर मठाच्या परंपरेत त्याला नियमित लय व यमक लाभले.

अशा मानवनिर्मित शब्दांना विधीत किती स्थान द्यावे, हा प्रश्न अखेर धर्मसत्तेपुढे आला. ट्रेंट परिषदेनंतरच्या 1570 च्या मिस्साग्रंथात विपुल सेक्वेन्तियांपैकी केवळ चार उरल्या. 1727 मध्ये ‘स्टाबात माटेर’ची भर पडली.

तात्पर्य, सेक्वेन्तियेची संहिता केवळ छापील कविता म्हणून वाचल्यास तिची चरणरचना अनाकलनीय राहते. गायनाची, स्मरणाची व विधीतील स्थानाची गरज हीच येथे रूपनिर्णायक आहे. गेय परंपरेतील कोणत्याही संहितेच्या अभ्यासकाने छंदाचा विचार करताना ही बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे.