धामण लावण्याआधी पान उलटून पाहा

बांधावर सावलीला धामण हवी म्हणून एका रोपवाटिकेतून रोपं आणली. पावसाळे उलटले, पण एकानंही सरळ खोड धरलं नाही. बुडापासूनच फांद्या फुटून झुडपं झाली. फळं लागली तेव्हा उलगडा झाला, तो फालसा होता. फळ गोड, पण त्याच्याखाली बैल कसे बांधायचे? रोपांचे पैसे किरकोळ होते. वाया गेली ती वाढीची वर्षं.

मानोरा-मंगरुळपीरकडे कुणी धामण लावायची म्हटलं की आता मी आधी ओळख सांगतो. पानाचं बूड पाहा. ते तिरकस असतं, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. कडा दातेरी, आणि देठापाशीच पाच-सात ठळक शिरा फुटलेल्या. एवढ्यावर मात्र थांबू नका, कारण फालसा आणि मुरुडशेंगही साधारण अशाच दिसतात. कोवळ्या शेंड्याकडे पाहा: धामणीच्या देठाच्या मुळाशी कानाच्या आकाराची छोटी उपपर्णं असतात, फालशाची दोऱ्यासारखी अरुंद. मुरुडशेंगेचं पान हाताला खरखरीत लागतं, फूल लाल आणि शेंग पिळदार. धामणीची फुलं बारीक, पिवळी. फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळं.

युरोपातल्या रस्त्यांवर सावली देणारा लिंडेन हा धामणीचा नातलग. दोघंही कापूस, भेंडी, अंबाडीच्या कुळातले. परदेशातून कुणी त्याचं बी आणलं तर लावायच्या फंदात पडू नका. त्या बियांना उगवण्याआधी महिनोन् महिने थंडी लागते आणि आपला उन्हाळा त्या झाडाला सोसत नाही. धामण इथल्या पानझडी रानातलीच आहे. तिचं लाकूड चिवट, लवचिक. कुऱ्हाडीच्या दांड्याला जुनी माणसं तेच शोधत.

शक्यतो ज्या झाडाचं खोड स्वतः पाहिलंय, त्याच्याच बियांची रोपं घ्या. पाणी साचणारी काळी जमीन टाळा, उताराचा मुरमाड बांध निवडा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी धामण पार बोडकी होते. ‘वाळली’ म्हणून सरपणासाठी ती तोडणारे मी पाहिलेत, आणि जीव तुटतो. नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. पावसाआधी पालवी येईल. हा पाला शेळ्यांना फार आवडतो. शेंडा त्यांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत काट्यांचं कुंपण काढू नका.