भिंतीवरची खूण

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी मुंबई पाहिली आहे? मी ती पहिल्यांदा २००६ साली पाहिली. तेव्हा मी आठवीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मामू मला न्यायला मालेगावला आले. एस.टी.ने आम्ही मनमाडला गेलो आणि तिथून रेल्वेने मुंबईला निघालो.

उंच इमारती, रुंद रस्ते, निळा समुद्र! मुंबईचे हे चित्र माझ्या मनात पक्के बसले होते. मामूंनी मला मुद्दाम छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत नेले. याच इमारतीला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. तिचा भव्य घुमट मी मान वर करून बघतच राहिलो.

मग आम्ही रस्त्यावर आलो आणि माझा चेहरा उतरला. पदपथावर केळीच्या साली, कागद आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या. माणसे एकमेकांना ढकलत धावत होती. सिग्नलकडे कोणी पाहतही नव्हते. लोकल गाडीने कुर्ल्याला उतरलो, तर तिथला नाला कचऱ्याने भरलेला होता.

"मामू, मुंबईचे लोक किती घाणेरडे आहेत!" मी म्हणालो. हातातले चणे संपले होते. बोलता बोलता मी प्लास्टिकची रिकामी पिशवी नाल्याकडे भिरकावली. ती काठावरच पडली. मामूंनी ती उचलून खिशात ठेवली. ते काहीच बोलले नाहीत.

घरी पोहोचल्यावर त्यांनी मला भिंतीवरची एक मळकट रेघ दाखवली. ती माझ्या खांद्याएवढी उंच होती.

"बेटा, ही २६ जुलै २००५ ची खूण आहे," मामू म्हणाले. "त्या वेळी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. समुद्राला भरती आली होती. मिठी नदीला पूर आला. पाणी घरात शिरले, ते या रेघेपर्यंत चढले. तुझी मुमानी मुलांना कवटाळून रात्रभर माळ्यावर बसली होती. पाऊस फार होता, हे खरेच. पण पाणी ओसरल्यावर आमच्या नाल्यातून काय निघाले, माहीत आहे?"

त्यांनी खिशातली माझी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "अशा पिशव्यांचे ढीग! पाण्याला जायला वाटच नव्हती."

माझी मान खाली गेली. मुंबईत येऊन मला एक दिवसही झाला नव्हता आणि तिच्या कचऱ्यात माझीही भर पडणार होती!

मुलांनो, नावे ठेवणे सोपे असते. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईतील एक वकील अफरोज शाह यांनी वर्सोव्याचा किनारा पाहिला. तिथे प्लास्टिकचा थर साचला होता. ते तक्रार करत बसले नाहीत. एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन त्यांनी स्वतः कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो हात मदतीला आले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर कासवाची इवलीशी पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली.

आज मी तुमच्यासारख्या मुलांना शिकवतो. शाळेबाहेरच्या गटारात एखादी पिशवी दिसली, की मला मामूंच्या घरातली ती रेघ आठवते. आपण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती पाण्याबरोबर कोणाच्या तरी दाराशी जाते. ते दार आपलेही असू शकते. पुढच्या वेळी हातातली पिशवी फेकण्याआधी तुम्ही क्षणभर थांबाल ना?

स्वाध्याय
१. मुंबई पाहून लेखकाचा चेहरा का उतरला?
२. मामूंनी पिशवी खिशात का ठेवली असेल?
३. तुमच्या गल्लीतला कचरा कोठे जातो? माहिती मिळवा व पाच वाक्ये लिहा.