मासा जिवंत, पेशी बिघडलेली

प्रश्न : नीरेत मासे मेले की गावभर बोभाटा होतो. पण रसायनांच्या पाण्यात जगलेल्या माशांची जनुकंही बिघडतात म्हणे. हे ओळखतात कसं? आणि असा चिलापी खाल्ला तर आमचं काय?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : आधी मेलेल्यांचं. पाण्यात मळी शिरली की ती कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. तिथे जनुकांचा संबंध नाही. जनुकांची इजा शोधायची ती पोहत्या माशात.

आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. हे संशोधकांच्या पथ्यावरच पडलं. माशाला मारायचीही गरज नाही. शेपटीजवळून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, मिथेनॉलने पक्कं करून गिम्सा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली लंबगोल पेशी आणि तिच्या मधोमध जांभळं केंद्रक दिसतं. क्वचित एखाद्या पेशीत केंद्रकाशेजारी एक सुटा, बारका ठिपका असतो. हे सूक्ष्मकेंद्रक. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे राहिलं की ते तयार होतं. मुलामा देण्याच्या कारखान्यांत वापरलं जाणारं षट्संयुजी क्रोमियम, काही कीटकनाशकं असली इजा करू शकतात. एकेका माशाच्या हजार-दोन हजार पेशी मोजाव्या लागतात. काम डोळे फोडणारं आहे.

असे थोडे ठिपके चांगल्या पाण्यातल्या माशातही सापडतात. म्हणून वरच्या अंगाला, वीर धरणात, त्याच जातीचा नि तेवढ्याच वजनाचा मासा धरून तुलना करावी लागते. उजनीत तर पुणे-पिंपरीचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, उसावरची औषधं असं सगळंच भीमेतून येतं. इजा झाली एवढं रक्त सांगतं, कुणी केली ते नाही. त्यासाठी पाणी, गाळ आणि माशाचं यकृत तपासायला हवं. रक्ताच्या एका थेंबावरून कारखान्याचं नाव घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नाव निघत नाही म्हणून पाणी चांगलं म्हणणाऱ्यावर तर मुळीच नको.

रक्तपेशीतली इजा माशाच्या पिलांत उतरत नाही. अंड्यातली किंवा शुक्राणूतली उतरू शकते. तुमच्यात यातलं काहीच येणार नाही, कारण माशाचा डीएनए कोंबडीच्या किंवा मेथीच्या डीएनएसारखाच पोटात पचून जातो. खरी भानगड अंगात साठलेल्या धातूंची. पारा मांसातच बसतो, तळून-शिजवून जात नाही, आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीत तो चिलापीपेक्षा जास्त साठू शकतो. कॅडमियम मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं. तेव्हा मासा साफ करताना आतलं सगळं काढून टाका, वाटण कितीही झणझणीत असलं तरी.